असा एक तरी आपल्याकडे हवा?

कॉलेजच्या ग्रुपवर महाराष्ट्राच्या राजकारणावरून वाद पेटला की दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, ‘सगळे एकाच माळेचे मणी’. दुसरं माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं: ‘तुमच्याकडे बघ, पक्षाच्या विरोधात मत देणारी माणसं असतात.’ मी अमेरिकेत, अॅरिझोना राज्यात, फिनिक्सजवळ चँडलरला राहते. मूळ गाव साताऱ्याच्या दुष्काळी खटाव तालुक्यात. मध्यंतरी एका मित्राने बॅरी गोल्डवॉटर या इथल्या जुन्या रिपब्लिकन सिनेटरवरचा लेख ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘असा एक तरी आपल्याकडे हवा.’ त्यावर बदाबदा अंगठे पडले. मला मात्र काय लिहावं सुचेना, कारण मोबाइलवर चार ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं.

फिनिक्सला येणाऱ्या पाहुण्याची गोल्डवॉटरशी ओळख विमानतळावरच होते. चार नंबरच्या टर्मिनलला त्याचंच नाव आहे. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, अॅरिझोनाच्या वाट्याला जे दोन पुतळे येतात, त्यातला एक २०१५ पासून त्याचा आहे. माणूसही भारी अवलिया. १९०९ चा जन्म. अॅरिझोना राज्य झालं १९१२ ला, म्हणजे हा आपल्या राज्यापेक्षा वयाने मोठा. आजोबा पोलंडमधून आलेले ज्यू, मूळ आडनाव गोल्डवासर. कुटुंबाचं फिनिक्समध्ये कपड्यांचं मोठं दुकान. तिथे असताना याने लाल मुंग्या छापलेल्या पुरुषांच्या चड्ड्या बाजारात आणल्या आणि त्या देशभर खपल्या. फोटोग्राफी उत्तम, हॅम रेडिओचं वेड, विमान चालवण्याचं त्याहून मोठं वेड. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू विमानं उडवली आणि पुढे हवाई दलाच्या राखीव तुकडीत मेजर जनरलपर्यंत पोचला. १९४९ मध्ये फिनिक्सचा नगरसेवक झाला, आणि १९५२ मध्ये थेट सिनेटमधल्या (अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहातल्या) डेमोक्रॅट नेत्यालाच, अर्नेस्ट मॅकफार्लंडला, पाडून वॉशिंग्टनला गेला. आयझेनहॉवरची लाट होती, हे खरं.

त्याचं म्हणणं सोपं होतं. सरकार लहान हवं, कर कमी हवेत, कम्युनिस्टांशी तडजोड नको, आणि माणसाला त्याच्या मालमत्तेचं काय करायचं ते करू द्या. स्वतःच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असलेल्या आयझेनहॉवरचा अर्थसंकल्प त्याला पटला नाही तेव्हा सिनेटमध्ये उभं राहून त्याने तसं सांगितलं. त्याच्या पक्षाने त्याला काढलं नाही, त्याची खुर्ची गेली नाही. मित्राला भावलं ते हेच.

पण तो लेख ज्या मतावरून घाईघाईने पुढे गेला होता, तिथे मला थांबायचं आहे. १९ जून १९६४. नागरी हक्कांचा कायदा सिनेटमध्ये मतदानाला आला. हॉटेलात, खानावळीत, थिएटरात वर्णावरून कोणाला नाकारता येणार नाही. नोकरी देताना वंश, धर्म, मूळ देश बघता येणार नाही. कायदा ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. रिपब्लिकन पक्षाच्या ३३ पैकी २७ सिनेटर बाजूने होते. विरोधात गेलेल्या सहांत गोल्डवॉटर होता. महिनाभरात तो पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार व्हायचा होता.

तो वंशद्वेष्टा होता का? त्याच्या चरित्रात तसं सापडत नाही. अॅरिझोनाच्या हवाई नॅशनल गार्डमध्ये गोऱ्या-काळ्यांना एकत्र आणण्याचं काम त्याने, सैन्यातला वर्णभेद संपवण्याच्या राष्ट्राध्यक्ष ट्रुमनच्या १९४८ च्या आदेशाआधी केलं होतं. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्याने पाठिंबा दिला होता. त्याची हरकत या कायद्यातल्या दोनच प्रकरणांना होती: खासगी हॉटेल-दुकानांबद्दलचं आणि खासगी नोकऱ्यांबद्दलचं. केंद्र सरकारला राज्यघटनेने हा अधिकार दिलेला नाही, दुकानदाराने कोणाला माल विकावा हे वॉशिंग्टनने ठरवू नये, एवढंच म्हणणं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्या वेळी जे म्हटलं त्याचा आशय असा की, हा माणूस स्वतः वंशवादी नाही, पण त्याचं तत्त्वज्ञान वंशवाद्यांना आधार आणि दिलासा देतं. नोव्हेंबरात ते आकड्यांत दिसलं. गोल्डवॉटर देशभर सपाटून हरला. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सनला ६१ टक्के, याला साडेअडतीस. स्वतःच्या अॅरिझोनाखेरीज फक्त पाच राज्यं मिळाली आणि ती सगळी खोल दक्षिणेतली, वर्णभेदाचा बालेकिल्ला असलेली. मिसिसिपीत त्याला ८७ टक्के मतं पडली. अचानक तिथल्या लोकांना लहान सरकारचं प्रेम आलं होतं, असं कोणी म्हणणार नाही.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद नवा वाटायचं कारण नाही. ‘दुकान माझं, कोणाला कुठल्या कपातून चहा द्यायचा ते मी ठरवीन’ हे आपल्या गावच्या टपऱ्यांवर कोणत्याही राज्यशास्त्राशिवाय पिढ्यानपिढ्या चाललं. चवदार तळ्याला १९२७ मध्ये जावं लागलं ते त्यामुळेच. महाडच्या नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच केला होता. ठराव कागदावर होता आणि तळ्यावर गावाची मर्जी चालत होती. म्हणून १९५० च्या आपल्या घटनेत कलम १५ चं दुसरं पोटकलम आलं. त्यात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, सरकारी पैशाच्या विहिरी, तळी, घाट आणि रस्ते यांची नावं घेऊन सांगितलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही तिथे अडवता येणार नाही. अमेरिकेला खासगी हॉटेलांबाबत इथपर्यंत यायला आणखी चौदा वर्षं लागली. ग्रीन्सबरोत १९६० मध्ये चार काळी मुलं दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून राहिली तेव्हा आपल्या घटनेला दहा वर्षं झाली होती. आपल्याकडे कलम असूनही वेगळी कपबशी सुटली नाही, हे मला ठाऊक आहे. पण घटना लिहिणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती, जी गोल्डवॉटरसारख्या हुशार माणसाला कळली नाही किंवा त्याने कळू दिली नाही: ज्याला दारातूनच परत पाठवलं जातं, त्याच्यासाठी दुकानदाराचं स्वातंत्र्य ही लांबची चर्चा असते.

यात माझा स्वार्थही आहे, तो लपवत नाही. मी इथे नोकरीला लागले तेव्हा माझं नाव, माझा धर्म, माझा देश बघून कोणी नाही म्हणू शकत नव्हतं, ते त्याच १९६४ च्या कायद्यातल्या, गोल्डवॉटरने विरोध केलेल्या प्रकरणामुळे. गंमत पुढे आहे. त्याच्या दारुण पराभवामुळे दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटांचं दोन-तृतीयांश बहुमत आलं. त्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, पुढच्याच वर्षी स्थलांतराचा कायदा बदलला. १९४६ पासून भारतासाठी वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता, शंभर! ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याखाली जॉन्सनने सही केली आणि देशवार कोट्याची ती पद्धत मोडीत निघाली. तो कायदा केवळ या पराभवामुळे झाला असं नाही, अनेक रिपब्लिकनांनीही त्याला मत दिलं. पण न्यू जर्सीपासून अॅरिझोनापर्यंत आज जी महाराष्ट्र मंडळं गणपती बसवतात, त्यातल्या पहिल्या पिढीचे डॉक्टर-इंजिनिअर त्या दारातून आत आले. ‘असा एक तरी आपल्याकडे हवा’ असं म्हणताना निदान इथल्या मराठी माणसाने तरी थोडं थबकायला हवं.

आता पाणी. खटावची मुलगी पाण्यावर आल्याशिवाय राहायची नाही. फिनिक्समध्ये वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडतो. हे शहर उभं राहिलं ते १९११ मध्ये पूर्ण झालेल्या रुझवेल्ट धरणावर, म्हणजे केंद्र सरकारने दिलेल्या पैशावर. गोल्डवॉटरांचं दुकान चाललं ते या पाण्याने वसवलेल्या गिऱ्हाइकांवर. नंतर कोलोरॅडो नदीचं पाणी वाळवंटातून सुमारे ५४० किलोमीटर वाहून आणणारा कालवा आला. १९६८ मध्ये मंजुरी, १९८५ मध्ये पाणी फिनिक्सला, १९९३ मध्ये टूसॉनच्या पुढे. खर्च चार अब्ज डॉलरच्या वर. सरकार लहान करायला निघालेला आमचा सिनेटर या योजनेच्या मागे पहिल्यापासून उभा होता. इतर राज्यांतल्या सरकारी वीज-योजना त्याला समाजवाद वाटायच्या. अॅरिझोनाचा कालवा वाटला नाही.

मी याला ढोंग म्हणणार नाही. तहान लागलेल्या मुलखात वाढलेल्या माणसाला पाणी ही खिरापत वाटतच नाही. जिहे-कठापूरची पाणी योजना दोन-अडीच दशकं रखडली, त्या काळात आमच्या आप्पांनी प्रत्येक पक्षाला शिव्या घातल्या, पण ‘सरकारने पाणी का द्यावं?’ असा प्रश्न त्यांच्या मनात कधी आला नाही. प्रश्न आपण दुसऱ्याच्या लाभाला विचारतो. आमच्या ग्रुपवर लाडक्या बहिणीच्या दीड हजारांवर सर्वांत जास्त चिडणारे दोघे कॅलिफोर्नियात राहतात आणि ‘आमच्या टॅक्सचे पैसे’ म्हणतात. कुठल्या टॅक्सचे, ते मी विचारलेलं नाही. दोघांचं इंजिनिअरिंग सरकारी कॉलेजात, जवळपास फुकटात झालं होतं.

म्हणजे तत्त्वनिष्ठ माणूससुद्धा आपल्या अंगणात तत्त्व थोडं सैल सोडतो. मग मित्राला जे हवं आहे ते गोल्डवॉटरमध्ये आहे तरी कुठे? माझ्या मते ते ७ ऑगस्ट १९७४ च्या संध्याकाळी आहे.

१९६४ ची निवडणूक हरल्यावर चार वर्षं तो खुर्चीशिवाय काढतो, १९६८ ला पुन्हा सिनेटवर निवडून येतो. पक्ष सोडत नाही. वॉटरगेटचं, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीचं, प्रकरण सुरू होतं तेव्हा बराच काळ राष्ट्राध्यक्ष निक्सनची पाठराखणही करतो, हेही सांगायला हवं. पण ५ ऑगस्टला ती टेप बाहेर आली, ज्यात निक्सन तपास दडपायला सांगताना ऐकू येतो, आणि दोन दिवसांनी तीन रिपब्लिकन नेते व्हाइट हाउसमध्ये गेले: सिनेटमधले पक्षनेते ह्यू स्कॉट, प्रतिनिधीगृहातले पक्षनेते जॉन ऱ्होड्स आणि गोल्डवॉटर. ऱ्होड्सही अॅरिझोनाचाच. त्यांनी राजीनामा मागितला नाही. फक्त हिशेब सांगितला. महाभियोगात खुर्ची वाचवायला सिनेटमध्ये ३४ मतं लागतात, तुमच्याकडे पंधराच्या आसपास आहेत. दुसऱ्या दिवशी रात्री निक्सनने दूरचित्रवाणीवर राजीनामा जाहीर केला.

इथे एक बारकी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. तो हिशेब मांडता आला, कारण प्रत्येक सिनेटरचं मत त्याचं स्वतःचं होतं. पक्षाने व्हिप काढून सगळ्यांचे हात वर करवले असते, तर मोजायला काही उरलंच नसतं. तिघे धीट असतीलही, पण त्यांच्या मागे शंभर मोकळी मतं होती. २०१७ च्या जुलैत जॉन मॅकेनने, गोल्डवॉटरच्याच जागेवर बसणाऱ्याने, मध्यरात्रीनंतर सभागृहात अंगठा खाली केला आणि स्वतःच्या पक्षाचं आरोग्यविमा विधेयक ४९ विरुद्ध ५१ ने पडलं, तेव्हाही तसंच. राज्यातल्या पक्षाने मॅकेनच्या निषेधाचा ठराव २०१४ मध्येच केला होता. तरी तो सिनेटर होताच आणि २०१६ ला पुन्हा निवडून आला होता.

आपल्याकडे हे होऊ शकत नाही. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला तो उगाच नाही. हरियाणातल्या गयालालने १९६७ मध्ये दिवसात पक्ष बदलून दाखवला होता. महाराष्ट्राला १९७८ चा जुलै आणि वसंतदादांचं पडलेलं सरकार आठवतं. रोग खरा होता, पण औषध असं निघालं की व्हिपविरुद्ध एकट्याने मत दिलं तर आमदारकी जाते, विधेयक कुठलंही असो. पूर्वी एक-तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली, दोन-तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची वाट राहिली. २०२२ आणि २०२३ मध्ये तर तीही लागली नाही. ‘मूळ पक्ष आम्हीच’ असा दावा झाला. १० जानेवारी २०२४ ला विधानसभाध्यक्षांनी शिवसेनेबाबत निकाल दिला, महिनाभराने राष्ट्रवादीबाबत. दोन्हींत एकही आमदार अपात्र ठरला नाही. एकट्याचा ‘नाही’ गुन्हा, जथ्थ्याचा ‘नाही’ म्हणजे खरा पक्ष. मग शहाणा आमदार काय करेल? तो विधेयकावर तोंड उघडणार नाही, जथ्था जमायची वाट बघेल. निष्ठा की गद्दारी यावर आपण तीन-चार वर्षं भांडलो, पण कोणत्या कायद्यावर, कोणत्या धोरणावर हे लोक वेगळे झाले, हा प्रश्न फारसा कुणी विचारलाच नाही.

इथे सगळं छान चाललंय असं मात्र समजू नका. २१ जून २०२२. माझ्या लॅपटॉपच्या एका खिडकीत मराठी चॅनल लावलं होतं, सुरतच्या हॉटेलाबाहेरची गर्दी आणि मग पहाटे गुवाहाटीला निघालेलं विमान. दुसऱ्या खिडकीत वॉशिंग्टनची सुनावणी, कॅपिटॉलवरच्या हल्ल्याच्या चौकशीची. तिथे साक्ष देत होता रस्टी बॉवर्स, अॅरिझोना विधानसभेचा रिपब्लिकन अध्यक्ष, आमच्या शेजारच्या मेसाचा, मॉर्मन, शिल्पकार. २०२० च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचा निकाल फिरवण्यासाठी ट्रम्प आणि त्यांचे वकील जुलियानी यांनी त्याला फोन केले होते. त्याने पुरावा मागितला, तो आला नाही, त्याने नकार दिला. त्याच्या घरात मुलगी मरणपंथाला लागलेली असताना दाराबाहेर भोंगे लावून निदर्शनं चालली. साक्षीनंतर महिनाभरात पक्षाने त्याच्या निषेधाचा ठराव केला आणि २ ऑगस्टला राज्य-सिनेटच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तो प्रचंड फरकाने हरला. गोल्डवॉटरच्या राज्यात, गोल्डवॉटरच्या पक्षात. आणि ट्रम्प पुन्हा उभे राहिले तर त्यांनाच मत देईन, असंही या बॉवर्सने त्याच सुमारास एका वृत्तसंस्थेला सांगितलं होतं. पुढे ते फिरवलं. माणसं अशी असतात.

‘मग फरक काय राहिला?’ असं ग्रुपवर कोणीतरी विचारेलच. फरक इतकाच की बॉवर्सला शिक्षा मतदारांनी दिली, तीही नकार देऊन झाल्यावर. ज्या दिवशी त्याचा नकार लागला, त्या दिवशी तो वापरता आला. आपल्याकडे तो नकार वापरण्याआधीच काढून घेतला आहे.

म्हणून मला गोल्डवॉटर नको आहे. उतारवयात तो बराच मवाळ झाला, १९८१ मध्ये सँड्रा डे ओकॉनरच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीवरून धर्माचं राजकारण करणाऱ्या पाद्र्यावर तुटून पडला, पुढे समलिंगींना सैन्यात घ्या म्हणून भांडला, त्या सगळ्यासकट नको. चांगल्या माणसाची वाट बघत बसण्यापेक्षा १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलेलं करून टाका: अपात्रतेची तलवार सरकारच्या विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवा, बाकी विधेयकांवर आमदाराला मोकळं सोडा. सरकार पडायचं नाही, खोक्यांना भाव उरणार नाही, आणि एखाद्या वाईट विधेयकावर सत्ताधारी बाकावरूनच कोणी उठून ‘हे पटत नाही’ म्हणू शकेल. ते म्हणणारा कदाचित चुकीच्या बाजूचाही निघेल, १९६४ च्या गोल्डवॉटरसारखा. ती जोखीम घ्यायला मी तयार आहे.

फक्त त्यासोबत आणखी एक लागेल, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. त्या १९ जूनला कोणत्या सिनेटरने कसं मत दिलं, हे साठ वर्षांनी मला घरबसल्या नावानिशी दिसतं. ७३ नावं एका बाजूला, २७ दुसऱ्या. आमच्या माण-खटावच्या आमदारांनी गेल्या अधिवेशनातल्या विधेयकांवर कसं मत दिलं ते मी शोधू पाहिलं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे तशी नोंदच नसते. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, ‘अगं, ते मत देतात होय?’